उतरणीचे मासे

मृगाचे पहिले दांडगे पाणी सह्याद्रीच्या उतारावरून धावत खाली आले, ओढ्यांच्या तांबड्या धारा नदीत शिरल्या आणि नदीच्या पाण्याचा रंग, वास व वेग ही तिन्ही एका रात्रीत पालटली, म्हणजे कोकणातल्या खेड्याखेड्यांतून कंदील, पाग आणि टोपल्या बाहेर पडतात. कारण त्या रात्री नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, कातळाच्या पायऱ्या उड्या मारून ओलांडीत, ओढ्यांत, वहाळांत आणि थेट भाताच्या खाचरांत चढू लागतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात, सिंधुदुर्गाकडे आणि घाटावर कोल्हापूरच्या बाजूला 'चढणीचे मासे' म्हणतात, आणि त्या माशांच्या पोटातली भरलेली गाभोळी ही त्या दिवसांच्या जेवणातली मानाची वस्तू असते.

या चढणीला नाव आहे, तिच्या आठवणी आहेत, तिच्यासाठी खास विणलेली साधने आहेत. पण ज्या कार्यासाठी ही चढण झाली ते कार्य पार पडल्यावर, त्या गाभोळीतून निपजलेली लक्षावधी पिले त्याच पाण्याबरोबर खाली वाहत जातात, त्या उतरणीला मात्र आपल्या भाषेत नाव नाही. नाव नसण्याचे कारण उघड आहे. चढणारा मासा हातभर लांब असतो व त्याची उडी डोळ्यांना दिसते. उतरणारे पिलू जिऱ्याच्या दाण्याएवढे, काचेसारखे पारदर्शक आणि गढूळ पाण्यात पूर्णपणे लपलेले असते. तरीही नदीत पुढच्या साली मासा असेल की नसेल याचा निवाडा चढणीपेक्षा या उतरणीवरच अधिक ठरतो, असे माझे मत आहे, आणि या लेखात त्या उतरणीचीच हकीकत सांगावयाची आहे.

माशाने अंडी घालण्याची जागा आणि त्याच्या पिलाने वाढण्याची जागा या बहुधा एक नसतात. वरच्या अंगाचे नवे पाणी उथळ, खळाळते व प्राणवायूने भरलेले असते, अंड्याला श्वास घेण्यास ते उत्तम. पण तेथे पिलाच्या तोंडाला पुरतील एवढ्या बारीक जीवांची समृद्धी नसते. ती समृद्धी खाली, जेथे नदी पसरते, पुराचे पाणी शेतांत व जुन्या पात्रांच्या डबक्यांत साचून उन्हाने कोमट होते, शैवाल धरते आणि सूक्ष्म जलचरांनी गजबजून जाते, तेथे असते. तेव्हा माता आपल्या पोटातून अंडे वर नेते आणि पाणी तिचे मूल खाली आणते, अशी ही विभागणी आहे. आणि दोन्ही प्रवासांचा मुहूर्त एकच, म्हणजे पूर.

सगळेच मासे आपली संतती अशी प्रवाहाच्या हवाली करीत नाहीत, हे येथेच नमूद केले पाहिजे. महाडच्या वरच्या अंगाला काळ नदीच्या वाळणकोंडीत ज्या महसीर माशांना देवाचे मासे म्हणून लोक अभय देतात, त्यांच्या जातीची अंडी जड असतात. ती तळाच्या वाळूखड्यांत बसतात, आणि तीन-चार दिवसांनी बाहेर पडलेले पिलू पोटाशी असलेली पीतकाची शिदोरी संपेपर्यंत दगडांच्या फटींत डोके खुपसून निश्चल पडून राहते. लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महसीराची कृत्रिम पैदास साध्य केली, ती या स्वभावाला धरूनच केली. अनेक लहान मासे चिकट अंडी घालतात व ती पाणवनस्पतींना लावून ठेवतात. कोकणातील नद्या आखूड. डोंगरातून निघाल्या की लवकरच खाडीच्या खाऱ्या पाण्याला भिडणाऱ्या. अशा नदीत मूल फार लांब वाहू देणे धोक्याचेच.

परंतु गंगेसारख्या लांबच लांब, संथ आणि सपाट मुलुखातून वाहणाऱ्या नदीत नेमका उलटा कारभार चालतो. कटला, रोहू आणि मृगळ हे तिचे तीन प्रमुख मासे. पावसाळ्यात नदी काठ सोडून पसरली की हे मासे त्या नव्या उथळ पाण्यात जमतात आणि अंडी सोडतात. मादीच्या वजनाच्या किलोमागे दोन-अडीच लाख अंडी हे सामान्य प्रमाण मानले जाते. हे अंडे चिकट नसते. बाहेर पडताच ते पाणी शोषून फुगते, मोत्यासारखे गोल व पारदर्शक होते, आणि पाण्याहून किंचितच जड असल्यामुळे वाहत्या पाण्यात तरंगत राहते, साचलेल्या पाण्यात मात्र हळूहळू तळाला जाते. या किंचितच्या फरकावर त्याचे जीवन उभे आहे. पाणी चालते आहे तोवर अंडे अधांतरी राहते, चोहोबाजूंनी त्याला प्राणवायू मिळतो. पाणी थांबले की ते गाळात रुतते आणि गुदमरते.

२७ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात हे अंडे सुमारे १४ ते १८ तासांत फुटते. या मधल्या काळात ते किती दूर जाते, याचा हिशेब कोणालाही कागदावर करता येईल: पुराच्या पाण्याचा वेग सेकंदाला केवळ एक मीटर धरला, तरी १५ तासांत ५४ किलोमीटर होतात. म्हणजे संध्याकाळी घातलेले अंडे दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच तालुक्यात, कदाचित दुसऱ्याच जिल्ह्यात फुटते. बाहेर आलेले पिलू चार-पाच मिलिमीटर लांबीचे असते. त्याला तोंड नसते, कल्ले अपुरे असतात, पंखांच्या जागी एक सलग पापुद्रा असतो, आणि पोटाला पीतक कोशाची पिशवी लोंबत असते. ही पिशवी संपावयास आणखी सुमारे तीन दिवस लागतात, आणि ते तीन दिवसही पिलू पोहते कमी व वाहतेच अधिक.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पिलू वाहते म्हणजे ते वाळक्या पानासारखे केवळ असहायपणे वाहते, अशी आपली कल्पना होते. पण युरोपात डॅन्यूबवर आणि ऑस्ट्रेलियात मरे नदीवर अभ्यासकांनी रात्र-रात्र जाळी लावून जो माग काढला, त्यावरून असे दिसले आहे की या वाहण्यात पिलाचाही काही हात असतो. स्वच्छ पाण्याच्या नदीत पिलांचा लोंढा दिवसा जवळपास बंद असतो आणि संध्याकाळचा प्रकाश मावळला की सुरू होतो. दिवसा पिलाला काठ, दगड, तळ दिसत असतो, त्या खुणांशी जुळवून घेत ते आपली जागा धरून राहते; अंधार पडला की तो दृष्टीचा आधार सुटतो आणि प्रवाह त्याला उचलतो. शिवाय टिपून खाणारा मोठा मासाही अंधारात तितकासा देखणारा नसतो, तेव्हा हा रात्रीचा प्रवास पिलाच्या पथ्यावरच पडतो. जेथे पाणी मुळातच गढूळ असते तेथे दिवस-रात्रीचा हा भेद पुसट होतो. पावसाळ्यातल्या आपल्या बहुतेक नद्या या जातीच्या. पुढे पंख फुटले आणि वाताशयात हवा भरली, की तेच पिलू काठाकाठाने सरकत एखाद्या संथ बगलेत शिरते व उतरणीतून स्वतःची सुटका करून घेते. म्हणून नदीची वळणे, डोह, बेटे आणि सुटलेली जुनी पात्रे यांना मी पिलांच्या धर्मशाळा म्हणेन. सरळ कापलेल्या, बांधीव काठांच्या नदीत प्रवास आहे, पण मुक्कामाला जागा नाही.

या उतरणीचे ज्ञान शास्त्रज्ञांच्या फार पूर्वी बंगाल-बिहारच्या मच्छीमारांना होते, आणि तेही नुसते ज्ञान नव्हे, तर त्यावर एक मोठा व्यापार उभा होता. गंगेच्या काठी, राजमहाल, मालदा, लालगोला अशा ठिकाणी पावसाळ्यात बेंचि जाल नावाची जाळी लावली जात. आपल्या कोकण किनाऱ्यावर खांबांना बांधलेली डोल ज्याने पाहिली आहे, त्याला या जाळ्याचे रूप सांगावे लागणार नाही: रुंद तोंड प्रवाहाकडे, अंग निमुळते होत गेलेले, आणि शेवटाला गमछ्याच्या कापडाची थैली. फरक एवढाच की डोल समुद्रात भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते आणि हे लहानसे जाळे नदीकाठच्या उथळ प्रवाहात. मच्छीमार अर्ध्या-अर्ध्या तासाने ती थैली रिकामी करीत, आणि त्या थैलीत लाखोंच्या संख्येने असत ती हीच वाहत निघालेली पिले. त्यांना आपल्या मत्स्यव्यवसायाच्या भाषेत 'जिरे' म्हणतात, पुढची अवस्था 'अर्धबोटुकली' आणि त्यापुढची 'बोटुकली'. बंगालीत त्याच मधल्या पिलाला 'धानी पोना', म्हणजे भाताच्या दाण्याएवढे पिलू, असा शब्द आहे. एका भाषेने मसाल्याच्या डब्याकडे पाहिले, दुसरीने शेताकडे. दोघींनीही मोजमाप घरातल्या दाण्यानेच केले, याचा मला फार आनंद वाटतो.

हे जिरे वाटीने मोजून विकले जाई आणि मातीच्या हंड्यांतून कलकत्त्याच्या बाजारात व तेथून रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत जाई. हंडीबरोबर जाणारा माणूस वाटभर पाणी हाताने हलवीत असे, कारण पाणी निश्चल झाले की त्यातला प्राणवायू सरे आणि पिले मरू लागत. गाडीच्या डब्यात बसलेला तो माणूस नकळत नदीचेच काम करीत होता. तरी वाटेत पुष्कळ पिले दगावत, आणि जी पोहोचत त्यांत रोहू-कटल्याबरोबर इतर माशांची, तळ्यातली सारी मासळी फस्त करणाऱ्या भक्षक जातींचीही पिले मिसळलेली असत. त्या वयात ती डोळ्यांनी निवडता येत नाहीत. देशातल्या तळ्यातळ्यांतले मत्स्यपालन असे एका नदीच्या उतरणीवर आणि तिच्या लहरीवर विसंबून होते.

आजही एका ठिकाणी हा व्यवहार त्याच्या मूळ रूपात पाहावयास मिळतो. बांगलादेशात चट्टग्रामजवळ हालदा नावाची नदी कर्णफुलीला मिळते. चैत्र-वैशाखापासून पुढे, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मेघगर्जनेसह जोराचा पाऊस झाला आणि डोंगराचे पाणी उतरले, की तेथे रोहू-कटल्याच्या माद्या अंडी सोडतात आणि शेकडो होड्या नदीत उतरून जिऱ्याआधीची ती अंडीच जाळ्यांनी गोळा करतात. मग काठावर खणलेल्या मातीच्या खड्ड्यांत, कापडावर, ती फुटू दिली जातात. २०२० सालच्या मे महिन्यात तेथे एका हंगामात २५ हजार किलोंहून अधिक अंडी मिळाली व त्याचे मोठे कौतुक झाले. ही नदी भरतीच्या टापूत आहे, त्यामुळे अंडी एका ओढीने समुद्राकडे निघून न जाता पाण्याबरोबर खाली-वर होत राहतात. आणि तिची काही वळणे माणसाने तोडून सरळ केली, त्यामुळे माशांच्या जागा कमी झाल्या, ही तेथील जाणत्यांची जुनी तक्रार आहे.

आता या कथेतली मोठी कलाटणी. १९५७ सालच्या जुलैच्या १० तारखेला ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी एका माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्या, पोटात अंडी असलेल्या माशाला टोचला, आणि साचलेल्या पाण्यात, नदी नाही, पूर नाही, चढण नाही, अशा स्थितीत त्या माशाने अंडी सोडली. नदीचा माशाला मिळणारा संदेश त्यांनी पिचकारीत भरला, असे म्हटले तरी चालेल. १० जुलै हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेमुळे, आणि तो पाळला जावा हेच योग्य आहे. कारण त्या दिवसापासून शुद्ध जातीचे मत्स्यबीज हवे तेव्हा आणि हवे तेथे मिळण्याचा मार्ग खुला झाला व महाराष्ट्रातल्या गावतळ्यांना बंगालच्या हंड्यांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

तरीसुद्धा वाहण्यापासून या अंड्याची सुटका त्या शोधानेही झाली नाही. मत्स्यबीज केंद्रात आज जी गोल टाकी असते, चिनी पद्धतीची म्हणून तिला सगळे चायनीज हॅचरी म्हणतात, तिच्या तळाशी बदकाच्या चोचीसारख्या तोट्या एका दिशेने बसवलेल्या असतात. त्यांतून सतत पाणी सोडून टाकीतले सारे पाणी रात्रंदिवस गोल फिरते ठेवतात. वीज गेली, पंप थांबला, पाणी स्थिरावले, की अंडी तळाला बसून नासतात. जिऱ्याची पिशवी संपेपर्यंत, चार दिवस, हे चक्र चालू ठेवावे लागते. म्हणजे शेकडो किलोमीटरांची गंगा तेथे गुंडाळून काही हातांच्या वर्तुळात ठेवलेली असते, आणि अंडे त्या वर्तुळात आपला तो पुरातन प्रवास पुरा करते. मला हे दृश्य विज्ञानाच्या विजयाइतकेच नदीच्या थोरवीचेही वाटते.

पण या विजयाचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. जोवर तळ्यातला मासा नदीच्या जिऱ्यावर अवलंबून होता, तोवर त्या जिऱ्याकडे कोणाचे तरी लक्ष होते. मच्छीमार रात्र-रात्र काठावर बसत, व्यापारी भाव विचारीत, सरकारी दफ्तरात कोणत्या घाटावर किती जिरे लागले याची नोंद होई. बीज टाकीत तयार होऊ लागले आणि नदीची उतरण बेवारस झाली. ज्या नोंदी अभ्यासकांनी पुढेही चालू ठेवल्या त्या काय सांगतात? १९६१ ते १९६५ या काळात गंगेत मिळणाऱ्या मत्स्यबीजात कटला-रोहू-मृगळ या प्रमुख माशांचा वाटा सुमारे ७८ टक्के होता. २००० ते २००४ या काळात तो सुमारे ३४ टक्क्यांवर आला. प्रदूषण, पाण्याचा उपसा, पूरमैदानांना घातलेले बांध, बेसुमार मासेमारी ही कारणे त्यामागे आहेतच. पण धरणांचे काय, हा प्रश्न उतरणीच्या बाजूने क्वचितच विचारला जातो.

धरणाने माशाची चढण अडते हे आपल्याला ठाऊक आहे. १९७५ साली फरक्का येथे गंगेवर बराज सुरू झाला आणि पूर्वी अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला, हा दाखला सर्वांच्या तोंडी असतो. उतरण मात्र दोन निराळ्या रीतींनी अडते. पहिली रीत म्हणजे थांबलेले पाणी. गोदावरीवर पैठणचे धरण १९७६ साली पुरे झाले, त्याचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. मघाशी अंड्याच्या १५ तासांच्या प्रवासाचा जो हिशेब केला तो जवळजवळ एवढाच होता. वाहत्या नदीत जे अंतर अंडे अधांतरी राहून सुखरूप कापते, तेच अंतर जलाशयात कापावयाचे झाले तर ते पहिल्या काही मजलांतच गाळात बसेल. चीनमध्ये यांगत्से नदीत हेच घडले. आपल्याकडे चंदेरा आणि गवत्या म्हणून जे मासे तळ्यांत वाढवतात, त्यांच्या कुळाची अंडी याच जातीची, वाहतच फुटणारी. २००३ साली तेथे थ्री गॉर्जेस धरणात पाणी साठू लागल्यावर खालच्या अंगाला लावलेल्या जाळ्यांत त्यांची अंडी व जिरे झपाट्याने घटले. अखेर २०२१ पासून त्या महानदीत दहा वर्षे मासेमारीस मनाई करावी लागली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर डोराडो नावाचा एक मोठा मार्जारमत्स्य अँडीज पर्वताच्या पायथ्याशी अंडी घालतो आणि त्याची पिले ॲमेझॉनच्या मुखापर्यंत वाहत येतात. येणे-जाणे मिळून सुमारे ११,६०० किलोमीटरांची ही यात्रा २०१७ साली सिद्ध झाली, आणि तिच्याही एका वाटेवर, मदेरा नदीवर, दोन मोठी धरणे उभी आहेत.

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे, आणि तिचा उपाय आपल्या हाती असल्यामुळे मला ती अधिक महत्त्वाची वाटते. बंधाऱ्यावरून पाणी सोडण्याचे दोन प्रकार आहेत: दरवाजा खालून उचलून त्याच्या फटीतून पाणी जोराने काढणे, किंवा पाणी माथ्यावरून ओसंडू देणे. २००६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एका लहान बंधाऱ्याच्या खालच्या फटीतून गेलेल्या पिलांपैकी गोल्डन पर्च या माशाची सुमारे ९५ टक्के आणि मरे कॉड या माशाची सुमारे ५२ टक्के पिले मेली, आणि माथ्यावरून ओसंडलेल्या पाण्यातली मृत्युसंख्या त्यामानाने फार थोडी भरली. फटीत दाब एकाएकी उतरतो, पाणी घुसळते आणि त्या घुसळणीत काचेसारखे ते अंग फाटते. आपल्या मोठ्या धरणांचे वक्राकार दरवाजे खालूनच उचलले जातात.

याच संदर्भात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाऊस ओसरला की त्याच्या खांबांच्या खाचांतून बरगे बसवायचे, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते सारे बरगे काढून नदी मोकळी करायची, ही त्याची रीत. ती पूर वाहून जावा आणि गाळ साठू नये म्हणून ठरली. माशाचा विचार तेव्हा कोणी केला असेल असे नाही. तरी माशाची चढण आणि उतरण या दोहोंच्या नेमक्या मुदतीत त्याने नदी खुली राहते. जेथे बरगे काढण्यास दिरंगाई होते, तेथे ही अजाणता मिळालेली देणगी वाया जाते. पाटबंधारे खात्याने बरगे काढण्याच्या तारखेला माशाच्या दृष्टीनेही एक कायदेशीर मुदत मानावी, आणि पहिल्या पुरांत शक्य तेथे पाणी माथ्यावरून जाऊ द्यावे, ही मागणी अवास्तव नाही.

समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावरचा समाज ती बंदी आपल्याच हिताची म्हणून पाळतो. पण ओढ्या-वहाळांच्या वलगणीवर पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. तो बंदोबस्त कंदील घेऊन पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसालाच करावा लागेल. म्हणून त्यालाच सांगणे आहे. यंदाच्या पहिल्या पाण्यात गाभोळीने पोट फुगलेली मादी पागेत आली, तर तिला बांधाच्या वरच्या अंगाला सोडून द्यावे. ती दोन-तीन दिवसांत अंडी घालील, आणि आपल्याला न दिसणारी तिची पिले पावसाच्या पाण्याबरोबर आपल्याच गावावरून खाली जातील.